हुकूम दिलात, आता कारणही सांगा : सार्वजनिक आरोग्य विभागाला खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री आणि सार्वजनिक आरोग्य विभागातील सर्व अधिकारी, महाराष्ट्र शासन यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या श्रावणात शेजारच्या काकूंना घेऊन मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले होते. सर्दी-तापाची साथ जोरात होती. ओपीडीबाहेरच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, आणि तेवढ्यांत तोंडाला मास्क लावलेली मी एकटी. केसपेपरच्या रांगेत माझ्या पुढच्या बाईंनी मागे वळून पाहिलं आणि त्या दोन पावलं बाजूला सरकल्या. "ताई, तुम्हाला काय झालंय?" मी म्हटलं, काही झालेलं नाही, होऊ नये म्हणून लावलाय. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या कडेवरचं लेकरू घरघरत होतं, खोकत होतं, आणि त्याच्या खोकल्यापासून मात्र कुणीच सरकत नव्हतं.

मी वर पाहिलं. पूर्वी या हॉलला सहा मोठ्या लाकडी खिडक्या होत्या, गजांच्या, दोन्ही बाजूंनी वारा खेळायचा. दुरुस्तीत त्या जाऊन तिथे पक्क्या बसवलेल्या काचा आल्यात. त्या उघडत नाहीत. पंखे फिरत होते, म्हणजे आतली हवा आतच फिरत होती.

घरी आल्यावर हे पत्र लिहायचं ठरवलं. लिहायला इतके महिने लागले, कारण मनातला राग बाजूला ठेवून लिहायचं होतं.

मी आपल्याच विभागातली. उपकेंद्रात नर्स म्हणून लागले, आणि नोकरीची शेवटची 19 वर्षं तालुक्याच्या क्षयरोग पथकात काढली. वाड्या-वस्त्यांवर जाऊन बेडक्याच्या डब्या गोळा करणं, गोळ्या डोळ्यांसमोर गिळवणं, घरातल्यांची तपासणी, हेच काम. कोविडच्या दोन वर्षांत मी सेवेत होते. म्हणून जे लिहितेय ते बाहेरून बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही.

मास्क लावून आणि अंतर ठेवून विषाणूचा फैलाव कमी होतो का? आज गावात कुणालाही विचारा, उत्तर येतं, "काय झालं लावून? लाट यायची ती आलीच की." माझं उत्तर आहे, होय, कमी होतो. पूर्ण थांबत नाही, पण कमी होतो. किती कमी होतो ते जागेवर, मास्कच्या प्रकारावर आणि त्या जागेत आपण किती वेळ असतो यावर ठरतं. नेमकं हेच आपण लोकांना समजावून सांगितलं नाही. हुकूम आला, दंडाची पावती आली, कारण आलं नाही. कारण न कळता पाळलेला नियम माणसं हुकूम उठला की त्याच दिवशी टाकून देतात. 2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. त्या दिवशी राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या दवाखान्यात खोकणाऱ्या पेशंटच्या तोंडावरही तो उरला नाही.

क्षयरोगाच्या कामात हवेचं महत्त्व पहिल्या आठवड्यात शिकवतात. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा नळीतून वरच्या मजल्यावर नेली आणि तिथे ठेवलेल्या गिनीपिगांना ती हवा दिली. रुग्ण खाली, प्राणी वर, भेट कधीच नाही. तरी गिनीपिगांना क्षय झाला. ज्या गिनीपिगांची हवा आधी अतिनील किरणांतून काढली होती, ते वाचले. क्षयाचा जंतू आणि कोविडचा विषाणू वेगळे, पण दोघांची वाट एकच, श्वासाची. म्हणून आम्ही घरोघर सांगायचो, पेशंटची खाट पडवीत टाका, खिडकीला पोतं लावू नका, खोकताना तोंडाला धडपा धरा.

ही गोष्ट समजायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. तव्यावर खरड्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या की ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला ठसका लागतो. तो चुलीपासून सहा फुटांवर नसतो, वीस फुटांवर असतो. चुलीजवळच्या बाईला जास्त लागतो, त्याला थोडा उशिरा लागतो, एवढाच फरक. मागचं दार उघडलं की पाच मिनिटांत दोघांचा ठसका थांबतो. पदर नाकाला लावला की कमी होतो, ओला करून घट्ट धरला की आणखी कमी. आणि हीच मिरची अंगणात भाजली तर कुणाला काही होत नाही. हवेतून पसरणारा विषाणू घरात, बसमध्ये, हॉलमध्ये जवळजवळ असाच वागतो. बोलताना, गाताना, खोकताना तोंडातून जे बारीक कण निघतात त्यातले मोठे काही फुटांत खाली पडतात, आणि अगदी सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. अंतर ठेवल्याने मोठ्या कणांपासून वाचतो. सूक्ष्म कणांपासून वाचायला उघडी खिडकी लागते आणि नाकावर नीट बसलेला मास्क लागतो.

मार्च 2020 मध्ये हे आपल्याला स्पष्ट नव्हतं, याचा दोष मी देत नाही. 28 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेनेच जाहीर केलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही. सर्वसामान्यांनी मास्क वापरावा हा सल्ला त्यांनी 5 जूनला दिला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्या पुढाकाराने 239 शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून विनवलं की हा रोग हवेतून पसरतोय हे मान्य करा. ते सर्वत्र मान्य व्हायला पुढे बरेच महिने गेले. पण आपल्याकडे तोपर्यंत पुरावे डोळ्यांसमोर होते. 24 जानेवारी 2020 ला चीनमधल्या ग्वांगझौ शहरात एका हॉटेलात तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवली. एकातला एक जण बाधित होता. तिन्ही कुटुंबांतले मिळून 10 जण आजारी पडले. एसीचा झोत ज्या टेबलांवरून फिरत होता तीच ही टेबलं. वाढपी वाचले, बाकीचे गिऱ्हाईक वाचले. 10 मार्चला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट खोऱ्यातल्या एका गायकवृंदाची अडीच तास तालीम झाली. हजर माणसं 61. आजारी पडली 53, त्यातली दोन दगावली. आमच्याकडे भजनी मंडळं आहेत, सप्ते आहेत, मला हे वाचून पहिल्यांदा आठवला तो मारुतीच्या देवळाचा पत्र्याने बंद केलेला सभामंडप.

आणि आम्ही काय करत होतो? रस्त्यांवर फवारणी करत होतो. दारावर तापमान मोजत होतो. रेशन दुकानापुढे, बँकेपुढे ऑइलपेंटची पांढरी वर्तुळं काढत होतो. आमच्या रेशन दुकानासमोर ती अजून पुसट दिसतात.

त्या वर्तुळांबद्दल मला बोलायचं आहे. एप्रिल 2021. राज्यात त्या महिन्यात एका दिवसात 68 हजारांवर रुग्ण नोंदले जात होते. माझा धाकटा भाऊ शेतावरून मोटारसायकलने एकटा येत होता, मास्क हनुवटीवर. नाक्यावर त्याला दंड झाला. त्याने तो मुकाट्याने भरला. चारच दिवसांनी पीककर्जाच्या कागदांसाठी तो एका बँकेत गेला. आत काचा बंद, एसी चालू, जमिनीवर सहा-सहा फुटांची वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात एक माणूस, प्रत्येकाच्या तोंडावर कापडी मास्क किंवा रुमाल. नियमात काही कमी नव्हतं. दीड-दोन तास तो तिथे उभा होता. पुढच्या आठवड्यात ताप, मग खोकला, मग ऑक्सिजनची शोधाशोध. त्याला कुठून लागण झाली ते मी सिद्ध करू शकत नाही, आणि कुणावर आरोपही करत नाही. पण त्या दोन जागांपैकी जिथे त्याला धोका जवळजवळ नव्हता तिथे त्याला दंड झाला, आणि जिथे धोका खरोखर होता तिथे सगळं नियमानुसार चाललं होतं. तो वाचला. अजून जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबतो.

याचा अर्थ अंतराचा उपयोग नाही असा कुणी काढू नये. जवळ जवळ उभं राहून बोलणाऱ्या दोघांत धोका सर्वांत जास्त असतो, आणि अंतर वाढलं की तो भराभर उतरतो. फक्त बंद जागेत तासभर बसलं की अंतराचा फायदा संपत जातो. मैदानात सहा फूट फार आहेत, बंद खोलीत सहा फूट पुरत नाहीत. हे एक वाक्य आपण ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून दिलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

अंतर ठेवायला जागा लागते, हेही त्याच वेळी म्हणायला हवं होतं. धारावी जेमतेम अडीच चौरस किलोमीटर, तिथे लाखो माणसं, एका खोलीत सात-आठ जण, सार्वजनिक संडास. 1 एप्रिल 2020 ला तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा घरात बसा या सल्ल्याचा तिथे काय अर्थ होता? महापालिकेने तिथे दारोदार तपासणी केली, बाधितांना शाळांत आणि सभागृहांत हलवलं, म्हणजे माणसाला अंतर मिळेल अशी जागा दिली, आणि साथ आटोक्यात आली. त्याची दखल जगाने घेतली. पण त्याच जुलैमध्ये मुंबईच्या दहिसर, चेंबूर आणि माटुंगा भागांतल्या रक्ततपासणीत झोपडपट्टीतल्या 57 टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली आणि इमारतींमधल्या फक्त 16 टक्के लोकांमध्ये. शहर एक, विषाणू एक, सूचना एक. ज्यांच्या घरात अंतर होतं ते वाचले. अंतराचा उपयोग होतो याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही, आणि ते सर्वांना सारखं वाटलेलं नाही याचाही.

शब्दाबद्दलही एक तक्रार. आपल्या कितीतरी फलकांवर 'सामाजिक अंतर राखा' असं लिहिलं होतं. या राज्यात हा शब्द लिहिताना कुणाचा हात कसा थांबला नाही? सामाजिक अंतर आमच्या गावांनी शेकडो वर्षं राखलंय, पाणवठ्यावर राखलंय, सावलीचं राखलंय. 2020 मध्ये ज्या सफाई कामगारांनी, आशाताईंनी, नर्सताईंनी काम केलं त्यांना घरमालकांनी खोल्या सोडायला लावल्या, तेव्हा हाच शब्द त्यांच्या तोंडावर फेकला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2020 मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली होती. आमच्याकडे फलक तसेच राहिले. पुढच्या वेळी हा शब्द एकाही कागदावर नसावा.

आता मास्क. इथे मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे आणि आपल्या विभागातलेच कित्येक डॉक्टर खासगीत म्हणतात, "मास्कने काही होत नाही, संशोधनात सिद्ध झालंय."

काय सिद्ध झालंय ते पाहू. डेन्मार्कमध्ये 2020च्या वसंतात सुमारे 6 हजार लोकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना मास्क दिले, निम्म्यांना नाही. महिन्याभरात मास्कवाल्यांत 1.8 टक्के बाधित, बिनमास्कवाल्यांत 2.1 टक्के. फरक इतका लहान की तो योगायोगही असू शकतो. पण त्या प्रयोगात फक्त लावणाऱ्याचं काय होतं एवढंच पाहिलं. आजूबाजूचे जवळजवळ सगळे बिनमास्कचे होते, आणि त्याच्या मास्कमुळे दुसऱ्यांचं रक्षण झालं का हे मोजलंच नाही. मग जानेवारी 2023 मध्ये वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा आला, आणि "मास्कचा फरक पडत नाही" अशी बातमी जगभर फिरली. मार्चमध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादक कार्ला सोअरेस-वाइझर यांना स्वतः खुलासा करावा लागला की आढाव्याचा तसा अर्थ काढणं चूक आहे, आढाव्यातून निर्णायक निष्कर्ष निघत नाही. बातमी आमच्या व्हॉट्सअॅपपर्यंत पोचली. खुलासा पोचला नाही.

मला स्वतःला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बांगलादेशातला प्रयोग, कारण तिथली गावं आपल्यासारखी आहेत. तसेच बाजार, तशाच चहाच्या टपऱ्या, तशीच घरं. नोव्हेंबर 2020 ते एप्रिल 2021 या काळात 600 गावांत, 3 लाख 42 हजार प्रौढांवर तो झाला. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, कसा लावायचा ते दाखवलं, आणि बाजारात, मशिदीत माणसं उभी केली, जी बिनमास्कवाल्याला अडवून, प्रेमाने मास्क हातात देत. इमामांनी, गावच्या पुढाऱ्यांनी स्वतः लावून दाखवला. दंड नाही. मास्क वापरणारे 13 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेले. रक्ततपासणीने पक्की झालेली लक्षणांसह लागण साधारण साडेनऊ टक्क्यांनी कमी झाली. ज्या गावांत तीन पदरी सर्जिकल मास्क दिले तिथे 11 टक्क्यांनी, आणि साठीच्या पुढच्या लोकांत तर 35 टक्क्यांनी. कापडी मास्कच्या गावांत मात्र खात्रीने सांगता येईल असा फरक दिसला नाही. या आकड्यांवर संख्याशास्त्रज्ञांनी वादही घातलाय, तो मी लपवत नाही. पण लक्षात घ्या, हा परिणाम दहातल्या चौघांनीच मास्क लावल्यावरचा आहे. आणि आणखी एक गोष्ट, त्या लोकांनी अंतरही थोडं जास्त ठेवलं. मास्क लावला की लोक निष्काळजी होतात ही भीती तिथे खोटी ठरली.

तेव्हा प्रश्न मास्कचा उपयोग होतो का हा नाही, कुठल्या मास्कचा होतो हा आहे. एन-95 हवेतल्या अतिशय सूक्ष्म कणांपैकी किमान 95 टक्के अडवतो, पण चेहऱ्याला सर्व बाजूंनी चिकटून बसला तरच. दाढीवर तो बसत नाही, नाकाची पट्टी दाबली नाही तर बसत नाही. सर्जिकल मास्क गालांपाशी उघडा राहतो, म्हणून कमी अडवतो, तरी अडवतो. उपरणं, रुमाल, एक पदरी होजिअरीचा मास्क यांनी मोठे थेंब थांबतात, सूक्ष्म कण फारसे नाहीत. सरकारने ऑक्टोबर 2020 मध्ये मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली, ते चांगलंच काम होतं. पण हातावर पोट असलेल्या माणसाला तेव्हाचा एकोणीस रुपयांचा एन-95 सुद्धा रोजचा परवडत नव्हता. तो तोंडावर रुमाल बांधायचा, दंड वाचायचा, आणि रोगाला वाट मोकळी राहायची. मुंबईत दंड आधी हजार रुपये होता, पुढे दोनशेवर आणला. दोनशे रुपयांत त्या माणसाला पुष्कळ चांगले मास्क देता आले असते.

मास्क आणि अंतर यांनी काही होतं का, याची एक साक्ष अशी आहे की जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. फ्लूच्या विषाणूंचा एक वंश आहे, इन्फ्लुएंझा बी-यामागाटा. दरवर्षी जगभर फिरायचा, फ्लूच्या लसीत त्याच्यासाठी वेगळा घटक असायचा. मार्च 2020 नंतर तो खात्रीने कुठे सापडलेलाच नाही. शाळा बंद, प्रवास बंद, मास्क, अंतर, या सगळ्याच्या एकत्र माऱ्यात तो बहुधा संपला, आणि आता लसीतून त्याचा घटक काढण्याचा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने दिला आहे. कोविडपेक्षा फ्लू कमी पसरतो, म्हणून त्याच्यावर हा उपाय इतका चालला. कोविडला तेवढं पुरलं नाही. पण पुरलं नाही म्हणजे उपयोग झाला नाही असं नाही. छत्रीखालीही पाय भिजतात, म्हणून पावसात कुणी छत्री टाकून देत नाही.

किंमतही मोजावी लागली, आणि तीही सांगितली पाहिजे. ओठ पाहून बोलणं समजणाऱ्या बहिऱ्या माणसांची फार आबाळ झाली. लेकरांच्या शाळा गेल्या. माझ्या कामात तर 2020 साली देशभर क्षयरुग्णांची नोंद 24 लाखांवरून 18 लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता. माणसं तपासणीला आलीच नाहीत, बसेस नव्हत्या, आमची यंत्रं आणि आमची माणसं कोविडला लावली होती. त्यातले माझ्या ओळखीचे काही पेशंट पुढे फार उशिरा आले.

पण त्याच काळातली एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. आमच्या पेशंटना आम्ही नेहमीच मास्क द्यायचो, आणि ते तो खिशात ठेवायचे. लावला की गाव ओळखायचं, याला टीबी आहे. चहाच्या टपरीवर कप वेगळा मिळायचा, लग्न ठरायचं मोडायचं. 2020 मध्ये सगळ्या गावानेच मास्क लावला आणि माझा एक तरुण पेशंट मला म्हणाला, "मॅडम, आता मी बाजारातून सरळ चालतो. कुणाला कळत नाही." तेवढे महिने त्याचा मास्क हा त्याच्यावरचा शिक्का नव्हता. गुढीपाडव्यानंतर तो पुन्हा शिक्का झाला. दवाखान्यातल्या त्या बाई माझ्यापासून सरकल्या तेव्हा मला तो पोरगा आठवला. ज्याला खोकला आहे त्याने मास्क लावणं हे ज्या गावात शहाणपणाचं मानलं जाईल, त्या गावात पुढची साथ सावकाश पसरेल. हे वळण लावायची संधी आपल्या हातात होती.

दंडाचा इतिहास आपल्याला नवा नाही. 2020 मध्ये जो कायदा आपण वापरला तो 1897चा, प्लेगच्या वर्षातला. त्या वर्षी पुण्यात सक्तीने घरं तपासली, माणसं उचलून नेली, आणि त्या संतापातून 22 जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. लोकांनी स्वतःहून जे केलं ते मात्र पिढ्यान्‌पिढ्या आठवणीत राहिलं. उंदीर पडायला लागले की गाव उठून रानात झोपड्या घालून राहायचं. गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो, त्यामुळे घर सोडणं हाच तिथे खरा उपाय होता. माझी आजी हे तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची, आणि का जायचं तेही सांगायची, "उंदीर पडला की त्या घरात थांबायचं नाही." कारण माहीत होतं म्हणून ते टिकलं, शंभर वर्षांनीही. पण तोच उपाय श्वासाच्या रोगाला जसाच्या तसा लागू होत नाही. 1910-11 मध्ये चीनमधल्या मंचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला तेव्हा डॉ. वू लियेन-तेह यांनी ओळखलं की हा उंदरांशिवाय, माणसाच्या श्वासातून पसरतोय, आणि जाळीच्या कापडाचे मास्क बांधायला लावले. त्यांचं म्हणणं न पटलेले फ्रेंच डॉक्टर मेस्नी बिनमास्कने वॉर्डात गेले आणि काही दिवसांतच दगावले. रोग कसा पसरतो ते आधी कळलं पाहिजे, मग कुठलं अंतर आणि कुठलं कापड ते ठरतं.

मी पालखीमार्गावरच्या गावात राहते. 2020 ला आणि 2021 ला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, आमच्या रस्त्यावर टाळ वाजला नाही. पहिल्या वर्षीचा तो निर्णय मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो, इतक्या थोड्या माहितीवर लाखो माणसं चालू देणं बरोबर नव्हतं. पण उद्या पुन्हा साथ आली तर नुसतं 'गर्दी टाळा' सांगून भागवू नका. उघड्या माळावरून चालणारी दिंडी आणि रात्री एका बंद मंगल कार्यालयात दाटीवाटीने झोपलेली दोनशे माणसं, यांत धोक्याचा फार मोठा फरक आहे. वारकऱ्याला हे नीट सांगितलं तर तो ऐकेल. मुक्काम उघड्या मंडपात करा, दर्शनरांगेच्या बंद मांडवात मास्क लावा, म्हाताऱ्या माउलीला एन-95 द्या. वारी बंद किंवा चालू, एवढे दोनच पर्याय लोकांपुढे ठेवू नका.

मला काय हवंय ते आता सांगते. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, सरकारी दवाखान्यांच्या प्रतीक्षा कक्षांना उघडणाऱ्या खिडक्या परत द्या. बांधकाम विभागाकडून जो आराखडा येतो त्यात वरच्या बाजूला झरोके आणि समोरासमोर खिडक्या नसतील तर आपण त्यावर सही करू नये. जिथे काचा पक्क्या बसवल्यात तिथे निदान बाहेर हवा फेकणारे पंखे लावा. हवा किती शिळी आहे ते दाखवणारं छोटं कार्बन डायऑक्साइड मोजण्याचं यंत्र काही हजार रुपयांत मिळतं. बाहेरच्या हवेत आकडा सव्वाचारशेच्या आसपास असतो, आत हजाराच्या वर गेला की समजावं एकमेकांचा श्वास आपण घेतोय. एक-एक यंत्र ओपीडीत भिंतीवर लावा, लोकांना दिसू द्या. केसपेपरच्या खिडकीवर खोकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तीन पदरी मास्क ठेवा, औषध देतो तसा, फुकट, आणि त्याचं बाकडं व्हरांड्यात टाका. क्षयरोगाच्या, कॅन्सरच्या, डायलिसिसच्या वॉर्डात काम करणाऱ्यांना मापाचे एन-95 द्या. यासाठी साथ यायची वाट पाहायचं कारण नाही, फ्लू दर पावसाळ्यात येतोच.

आणि पुढच्या साथीसाठी आत्ताच, शांत वेळी, मराठीत, आशाताईला वाचून दाखवता येईल असं एक पानाचं लिखाण तयार करा. रोग हवेचा असेल तर बागा, मैदानं, शेतं उघडी राहतील. बंद जागांतला वेळ कमी करायचा. मास्क कुठे लागेल आणि कुठे लागणार नाही. शाळा सगळ्यात शेवटी बंद होतील आणि सगळ्यात आधी उघडतील. नियम कधी उठेल तेही नियम लागू करतानाच सांगा. दंड नको. ज्याच्याकडे मास्क नाही त्याला मास्क द्या. हे पान लिहिताना आमच्यासारख्या जुन्या नर्सना, भजनी मंडळाच्या लोकांना, एसटीच्या कंडक्टरना बोलवा, ते कुठे हवा कोंडते ते तुम्हाला बोटाने दाखवतील.

आमच्या दवाखान्यातल्या त्या हॉलची मोजणी मी करून ठेवली आहे. सहा खिडक्यांपैकी चार खिडक्यांच्या काचा बाहेरून स्क्रूने बसवलेल्या आहेत, सुतार म्हणतो एका दिवसात बिजागऱ्या लागतील. दवाखान्याने कळवलं की वरून परवानगी लागते. ती परवानगी मी या पत्रातून मागत आहे. सुताराची मजुरी आणि बिजागऱ्यांचा खर्च आम्ही गावातले चार-पाच जण मिळून देऊ. पावसाळा लागायच्या आत उत्तर आलं तर बरं होईल.

आपली विश्वासू,
क्षयरोग पथकातली एक निवृत्त नर्स